रजिस्टरात ‘चिंचोटी’ लिहू द्या

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

आमच्या हॉस्टेलच्या डोक्यातला वसई तालुक्याचा नकाशा एकदम सुटसुटीत आहे. त्यात कॉलेज आहे, मेस आहे, स्टेशनबाहेरचा वडापाव आहे, झेरॉक्सवाला आहे आणि चिंचोटी आहे. बाकी सगळा भाग कोरा! त्यातही चिंचोटी म्हणजे गाव नव्हे हं. चिंचोटी म्हणजे धबधबा. चार वर्षं इथं राहून डिग्री घेऊन बीड, लातूर, जळगावला परत गेलेल्या कुठल्याही सिनिअरला विचारा, “वसईत काय पाहिलंस?” उत्तर येईल, “चिंचोटी केला ना यार, तीनदा!” केला. जसं सबमिशन ‘करतात’, केटी ‘क्लिअर करतात’, तसा धबधबा ‘करतात’. गेलो, भिजलो, फोटो काढले, मॅगी खाल्ली, आलो.

या ‘करण्या’बद्दल मला थोडं लिहायचं आहे. उपदेश करणार नाही, घाबरू नका. उपदेशाचा फलक हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर आहेच, दर जूनला नवीन लागतो.

आधी गावाबद्दल. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने (पूर्वीचा ८ नंबर, आताचा ४८) वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडून उत्तरेकडे आलं की डोंगराच्या कुशीला एक नाका लागतो. तिथून पूर्वेला कामण-भिवंडीचा रस्ता फुटतो. हा चिंचोटी नाका. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, खदानीचे डंपर, पंक्चरवाले, शेअर रिक्षा, आणि या सगळ्यावर सारख्या जाडीचा बसलेला पांढरा धुरळा. पहिल्यांदा उतरणाऱ्याला वाटतं, इथं कुठला आलाय निसर्ग! पण मान वर केली की दिसतो तुंगारेश्वराचा डोंगर. हा भाग २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र साधारण ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा खाडीअलीकडचा तुकडा (त्याला नागला ब्लॉक म्हणतात), पलीकडे तानसाचं जंगल. बिबट्याच्या हिशोबानं हा सगळा एकच येण्याजाण्याचा कॉरिडॉर आहे. रात्री अडीच वाजता आपण आपल्या कॉरिडॉरमध्ये जितक्या हक्काने फिरतो, तितक्याच हक्काने तो त्याच्या कॉरिडॉरमध्ये फिरतो. फरक एवढाच की त्याच्या कॉरिडॉरमधून आता महामार्ग जातो.

गावातून धबधब्याकडे जायला तास-दीड तास चालावं लागतं. वाट जंगलातून जाते आणि एकच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. जाताना ओढा घोट्यापर्यंत असतो. सगळी मेख इथेच आहे.

दुसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्सला हायड्रॉलिक जंपचं प्रॅक्टिकल असतं. काचेच्या फ्ल्यूममध्ये पाणी जोरात येतं, आपटतं, पांढरं होतं आणि स्वतःतच गरगरत राहतं. गेजने खोली घ्यायची, आकडे टाकायचे, सरांची सही, विषय संपला. चिंचोटीच्या डोहात पावसाळ्यात तेच प्रॅक्टिकल चालू असतं, फक्त काच नसते. वरून पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा ओढून खाली नेतं, म्हणून तो सुंदर पांढरा फेस. फेस म्हणजे पाणी अधिक हवा. म्हणजे घनता कमी. म्हणजे अंगाला मिळणारा वरचा रेटाही कमी. आर्किमिडीजने हे शाळेतच सांगून ठेवलंय. शांत विहिरीत आरामात तरंगणारा गडी त्या पांढऱ्या पट्ट्यात तसा तरंगत नाही. शिवाय धारेच्या पायथ्याशी पृष्ठभागावरचं पाणी बाहेर जाण्याऐवजी पुन्हा धारेकडेच वळतं. हात मारत राहायचं आणि तिथल्या तिथेच राहायचं. खाली बेसॉल्टचा खडक, त्यात पाण्याने कोरलेले खड्डे. इथं गुडघाभर पाणी, एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर. शेवाळाचं तर बोलायलाच नको.

“पण मला पोहता येतं” हे वाक्य आमच्या विंगमध्ये मी खूप वेळा ऐकलं आहे. आम्ही लातूरकडचे. आमच्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, मी तेव्हा पाचवीत होतो. आख्खं शहर त्या वाघिणींकडे देव आल्यासारखं बघत होतं. आमच्यातला जो कोणी पोहायला शिकला, तो ज्या वर्षी विहिरीला पाणी होतं त्या वर्षी शिकला. विहिरीतलं पाणी कुठे जात नाही. ते आपलं पाणी. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि डोंगरातलं पाणी प्रत्येक क्षणी कुठेतरी निघालेलं असतं. हे दोन वेगळे विषय आहेत, एकात पास झालं म्हणून दुसऱ्यात सूट मिळत नाही. आणि पाण्यासाठी आयुष्यभर ताटकळलेल्या पोराला एवढं पाणी एकदम समोर दिसलं की त्याचं काय होतं, हे कोकणातल्या पोराला नाही कळणार. तो थांबूच शकत नाही. त्याला मूर्ख म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे परतीची वाट. हायड्रॉलॉजीत ‘टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन’ नावाची संज्ञा आहे. पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला पडलेला थेंब खाली पोचायला लागणारा वेळ. डोंगरातल्या छोट्या ओढ्याचं पाणलोट लहान, उतार उभा, माथा कातळाचा. त्यामुळे हा वेळ तासांत नाही, मिनिटांत मोजायचा. डोहावर ऊन असू शकतं आणि वर माथ्यावर ढग रिकामा झालेला असू शकतो. जाताना जो ओढा घोट्यापर्यंत होता तो येताना कमरेपर्यंत असतो, आणि कमरेइतक्या वाहत्या पाण्यात माणूस उभा राहू शकत नाही. जुलै २०१८ मध्ये नेमकं हेच झालं. शंभराच्या वर माणसं ओढ्याच्या चुकीच्या बाजूला अडकली, त्यांना बाहेर काढावं लागलं, एक जण बुडाला. यातली बहुतेक मंडळी काही उड्या मारणारी नव्हती. ती फक्त परत येत नव्हती, कारण येता येत नव्हतं.

दरवर्षी पावसाळ्यात मनाई आदेश निघतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली निघायचा. जुलै २०२४ पासून कायदा बदलला, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. कलमाचा नंबर बदलला, बाकी चित्र तेच. नाक्यावर फलक, रविवारी पोलिसांचा बंदोबस्त, आणि बंदोबस्ताला वळसा घालून जाणाऱ्या पायवाटा. त्या वाटा गावकऱ्यांना माहीत, आणि त्यांच्यापेक्षा जास्त आमच्या थर्ड इयर मेकॅनिकलला माहीत.

माझं म्हणणं गैरसमजाने वाचलं जाऊ नये. बंदी नकोच असं मी म्हणत नाही. जोराच्या पावसाच्या दिवशी तिथे कोणीही, अगदी पट्टीचा पोहणारासुद्धा, असता कामा नये. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो प्रकार ज्याने पाहिला त्याला हे सांगावं लागत नाही. माझा आक्षेप आहे तो ‘बंदी म्हणजेच व्यवस्था’ या समजुतीला. फलक लावला की आपलं काम झालं! फलक पाण्याची पातळी सांगत नाही. फलक दोर टाकत नाही. आणि दुर्घटना झाली की डोहात उतरतात ती अग्निशमन दलाची माणसं, आणि ते पोचेपर्यंत पाड्यावरची पोरं. ती आपल्याच वयाची असतात. शुक्रवारी भात लावायचा आणि रविवारी कुणाचंतरी प्रेत काढायचं. पाड्याखालच्या चहाच्या टपरीवर एक काका मला म्हणाले, “तुमी येता नि जाता. आमाला रातीला झोप नाय लागत.” मी चहाचे पैसे दिले आणि गप्प बसलो. दुसरं काय बोलणार?

आता येतो आपल्या घरात, म्हणजे हॉस्टेलमध्ये. गेटवर आपलं एक रजिस्टर आहे. नाव, रूम नंबर, जाण्याचं ठिकाण, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, सही. रेक्टर ऑफिसच्या नोटिशीप्रमाणे चिंचोटीला जाणं हा ‘शिस्तभंग’ आहे, पालकांना फोन जातो. परिणाम काय? जुलै-ऑगस्टच्या कुठल्याही रविवारचं पान उघडा. ‘मार्केट’, ‘मार्केट’, ‘नातेवाईक’, ‘स्टेशनरी’, ‘मार्केट’, ‘मामाकडे’. एका रविवारी आपल्या हॉस्टेलच्या एकोणीस पोरांना वसईत अचानक मामा सापडलेले मी स्वतः मोजले आहेत!

हसू येतं, पण जरा हिशोब करा. रात्री आठ वाजता एक ग्रुप परत आलेला नाही. डोंगरात मोबाइलला रेंज नाही. वॉचमन मामा रजिस्टर बघतात, तिथे लिहिलंय ‘मार्केट’. रूममेटला माहीत आहे, पण तो सांगत नाही, कारण सांगितलं तर मित्राच्या घरी फोन जाईल. मग तो तासभर वाट बघतो. मग अजून तासभर. ओढा वाढलेला असताना हे दोन तास म्हणजे काय, ते वर लिहिलंच आहे. नियम पोरांना पाण्यापासून लांब ठेवण्यासाठी केला, आणि प्रत्यक्षात त्याने मदतीला लांब ठेवलं.

हे मी रेक्टर सरांशी बोललो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, तू ‘चिंचोटी’ लिहिलंस आणि मी गेट उघडलं, की ती माझी परवानगी झाली. उद्या काही झालं तर तुझ्या वडिलांसमोर कोण उभं राहणार?” प्रश्न खरा आहे. त्याची टिंगल करावीशी मला वाटत नाही. ज्या माणसाला चारशे पोरांच्या आईबापांचे फोन घ्यावे लागतात, तो ‘नको’ म्हणणारच. पण सर, ‘मार्केट’ लिहून गेलेला मुलगा परत आला नाही तरी उभं तुम्हालाच राहावं लागणार आहे. फरक इतकाच की तेव्हा तुम्हाला तो कुठे गेला हेही ठाऊक नसेल.

आता जरा विषयांतर वाटेल, पण नाही. नालासोपारा स्टेशनवरून आपण रोज जातो. फास्ट लोकलमध्ये चेपलेल्या अवस्थेत ‘इथे उतरायचं नाही’ एवढंच आपल्याला कळतं. हे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, कोकण किनाऱ्याचं मोठं बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला एक विटांचा ढिगारा खणला. गावकरी त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणायचे. आत निघाला बौद्ध स्तूप. मधोमध दगडी पेटी, तिच्यात अवशेषांचे करंडक आणि आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती. ते सगळं पुढे मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेलं. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला, तो आठव्या लेखाचा. नवव्याचा तुकडा नंतर १९५६ साली जवळच भुईगावला मिळाला.

अशोकाचे मोठे शिलालेख चौदा. पैकी आपल्या वाट्याला जो पहिला आला, त्या आठव्यात काय आहे माहितीये? सहलींबद्दल आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि तसलीच मौजमजा. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेला भेट दिली, आणि तिथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांमध्ये तो काय करी? श्रमण-ब्राह्मणांना भेटे, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करी, आणि गावोगावच्या सामान्य लोकांना भेटून त्यांच्याशी बोले. शेवटी असंही म्हटलंय की राजाला यात जास्त आनंद वाटतो. म्हणजे ‘मजा सोडा आणि पुण्य करा’ असा कोरडा आदेश नाही तो. मजाच यात जास्त आहे, असं म्हणणं आहे. बावीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या तालुक्यात दगडावर ‘पिकनिक कशी करावी’ हे लिहून ठेवलं, आणि आपण अजून पहिल्याच पायरीवर. विहारयात्रा, तीही एकाच जागी, त्याच मॅगीसकट.

धर्माचा भाग ज्याने त्याने बघावा. मला त्यातला लोकांना भेटण्याचा भाग घ्यावासा वाटतो. कारण चिंचोटीच्या आजूबाजूला भेटण्यासारखं इतकं आहे की त्यासाठी डोहात उतरायची गरजच नाही.

जूचंद्रच घ्या. नायगाव-बापाणे रस्त्यावरचं गाव. इथले रांगोळी कलाकार आख्ख्या महाराष्ट्रात नावाजलेले आहेत. ठिपके जोडून काढायची रांगोळी नव्हे, रंगांच्या पावडरीने जमिनीवर काढलेली माणसं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यातलं पाणी, सगळं हुबेहूब. दिवाळीत गावात प्रदर्शन लागतं. (तेव्हा आपण गावी फराळ हाणत असतो, हा भाग वेगळा.) जे इंजिनिअरिंग ड्रॉइंगला एक रेष पुसून तीनदा काढतात, त्यांनी तर जावंच. इथे पुसणं नाही, आणि काम झालं की चार दिवसांत सगळं झाडून टाकायचं. गावाशेजारच्या डोंगरावर चंडिकादेवीचं मंदिर आहे. वर चढलं की एका बाजूला खाडी आणि उरलीसुरली मिठागरं दिसतात, दुसऱ्या बाजूला नव्या टॉवरची रांग. नगररचनेचा आख्खा पेपर तिथे बसून सोडवता येईल.

जूचंद्रला स्टेशनसुद्धा आहे, हे किती जणांना माहीत आहे? वसई रोडवरून दिव्याला जाणारी जी गाडी आपण पुलावरून बघतो, ती जूचंद्र आणि कामण रोड घेऊन भिवंडीमार्गे जाते. फेऱ्या मोजक्याच. वेळापत्रक बघून जायचं, नाहीतर तिथेच बसायचं. पण खिडकीतून डोंगर जितका छान दिसतो, तितका रिक्षातून दिसत नाही, आणि तिकीट वडापावपेक्षा स्वस्त.

कामणच्या मागे कामणदुर्ग. दोन हजार फुटांच्या वर उंची, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, वरून उल्हास नदीची खाडी वळणं घेत समुद्राला जाताना दिसते. हा किल्ला पावसाळ्यात नाही, डिसेंबर-जानेवारीत करायचा, आणि पाड्यावरचा माणूस बरोबर घेऊनच, कारण वाटा फसव्या आहेत. आमच्याबरोबर जे दादा आले त्यांनी वाटेत इतकी झाडं दाखवली की शेवटी आम्ही वहीच काढली. जूनच्या सुरुवातीला त्यांच्याच घरच्या मावशी वसई स्टेशनबाहेर शेवळं घेऊन बसतात. शेवळं ही रानभाजी, काकडं नावाच्या आंबट फळाबरोबर शिजवावी लागते, नाहीतर घशाला खाजते. मेसच्या भाजीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा हे खाऊन बघावं. मला तरी आवडलं. माझ्या रूममेटला नाही.

तुंगारेश्वरचं मंदिर बहुतेकांना ऐकून माहीत असतं. महामार्गावरच्या फाट्यापासून तीन-चार किलोमीटर जंगलातून चालत जायचं. महाशिवरात्रीला आणि श्रावणात गर्दी, एरवी शांत. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात तिथे आपल्या कॉलेजचे अनेक भाविक भेटतात.

वसईचा किल्ला मी मुद्दाम सोडतोय, कारण तिथे सगळेच जातात. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये तो घेतला हे पाठ आहे, आणि प्रीवेडिंगवाल्यांनी तो पुन्हा कसा घेतला हे दर रविवारी दिसतंच. त्यापेक्षा पश्चिमेला गास, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांमध्ये सायकलने फिरा. केळी, पानवेली, फुलशेती, आणि मध्येच ‘बावखल’. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिथलं पाणी गोडं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. सिव्हिलवाल्यांनो, ‘सॉल्ट वॉटर इन्ट्रूजन’ म्हणून आपण चार मार्कांचं जे पाठ करतो त्यावरचा उपाय इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे, आणि आता एकेक बावखल भराव टाकून बुजतंय. १९८०च्या दशकाच्या शेवटी इथल्या विहिरींचं पाणी टँकरने उपसून बांधकामांना जायला लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि गावंच्या गावं रस्त्यावर आली. हेच फादर पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. आमच्या विंगमध्ये ती बातमी फक्त एकाने वाचली होती, कारण तो निर्मळच्या एका काकांकडे दूध आणायला जायचा.

तर मागणी काय? दोन भाग आहेत. सरकारी भाग आपल्या हातात नाही, पण बोलायला काय हरकत आहे. पहिला ओढा ओलांडायच्या जागी एक साधा साकव. खडकावर रंगाने आखलेली पातळीपट्टी, आणि लाल रेषेच्या वर पाणी गेलं की वाट बंद. पाड्यावरच्या पोरांना वाटाडे म्हणून ओळखपत्रं आणि माणशी ठरलेले पैसे. रायगडात भिऱ्याजवळच्या देवकुंडला गावातलीच पोरं वाटाड्या म्हणून नेतात, काही नवीन शोध लावायचा नाही. जंगल वनखात्याचं, त्यामुळे साकवाला परवानग्या लागतील, वेळ लागेल. पण पातळीपट्टीला एक डबा रंग लागतो. आपल्या डिपार्टमेंटची पोरं एका हिवाळी रविवारात लेव्हल घेऊन आखून देतील, सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकलही होईल. शिवाय वर माथ्याजवळ पाऊस मोजायचं यंत्र बसवून खाली भोंगा वाजवायचा, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या फायनल इयर प्रोजेक्टसाठी उत्तम विषय आहे. दरवर्षी तेच ‘ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट’ बघून एक्स्टर्नलसुद्धा कंटाळलेत.

हॉस्टेलचा भाग मात्र उद्यापासून होण्यासारखा आहे. नोटिशीतून ‘शिस्तभंग’ आणि पालकांना फोन हे काढून टाकावं. चिंचोटी असो, कामणदुर्ग असो की तुंगारेश्वर, जाणाऱ्याने रजिस्टरात खरं ठिकाण लिहावं. त्यापुढे तीन नवे रकाने आखावेत: बरोबर कोण, कुठल्या वाटेने, आणि किती वाजेपर्यंत परत. ती वेळ टळून अर्धा तास झाला की वॉचमन मामांनी कुणालाही न विचारता रेक्टर सरांना उठवावं. मनाई आदेश लागू असेल त्या दिवशी गेटवरच्या फळ्यावर तसं खडूने लिहावं आणि त्या दिवशी चिंचोटीसाठी गेट उघडू नये. इतर दिवशी ‘मार्केट’ लिहून डोंगरात सापडला, तर त्याला खुशाल दंड करा, माझी तक्रार नाही.

आणि सर, परवानगीची जबाबदारी एकट्या तुमच्यावर नको, हे मान्य. हॉस्टेल कमिटीचे आम्ही सहा जण त्या पानावर तुमच्याबरोबर सही करायला तयार आहोत. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर पहिली बॅच न्यायची, पंचवीस जण, पाड्यावरचे दोन दादा पैसे देऊन बरोबर, डोहात कोणी उतरणार नाही. जाताना दिव्याची गाडी, कामण रोडला उतरायचं. तुम्हीही चला. बूट मात्र पकड असलेले घाला, गेल्या गॅदरिंगला घातलेले नकोत.